थोडा गळका रेडिएटर

शेषराव मेश्रामांची जीप भिलाईच्या वैशाली नगरात सगळ्यांच्या ओळखीची होती, आणि ओळखणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तिला कधी ना कधी धक्काही मारलेला होता. चारही चाकांना जोर, वर ताडपत्रीचं छत, आणि आवाज असा की शेजारच्यांना घड्याळाची गरज नव्हती. शेषराव स्टील प्लांटात नोकरीला असताना त्यांनी ती एका लिलावातून हौसेनं उचलली. रिटायर झाल्यावर तर तिच्याशिवाय त्यांना दुसरं कामच उरलं नाही. त्यांची बायको सत्यभामा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, “या घरात मले एक सवत हाये बाप्पा, आन् ते डिझेल पिते.”

मुलगा राजदीप बापाच्या वरताण निघाला. आठवडाभर दुर्गच्या एका ऑफिसात इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा, आणि रविवार उजाडला की मित्रांना घेऊन जीप मरोद्याच्या पलीकडच्या दगडधोंड्यांत आणि चिखलात घालायचा. याला ऑफ-रोडिंग म्हणतात, असं त्यानं आईला समजावून सांगितलं होतं. चांगला रोड असताना तो सोडून जाणं याला डोकं फिरणं म्हणतात, असं सत्यभामेनंही त्याला समजावून सांगितलं होतं. दोघंही आपापल्या मतावर ठाम राहिले.

तर अशाच एका रविवारी जीप ट्रॅक्टरच्या मागे दोरीनं बांधून घरी आली. रेडिएटरला खालून दगड लागला होता, आणि इंजिन थंड ठेवणारं पाणी वाटेतच सांडून गेलं होतं. दसरा तोंडावर आलेला. शेषरावांनी मुलाला शिव्या दिल्या, त्यातल्या दोनतीन स्वतःलाही लागू होत्या, आणि दुसऱ्या दिवशी ती जीप तशीच ओढत नरेशकडे नेली.

नरेशचं दुकान नेहरू नगरच्या बाहेर, हायवेच्या कडेला, कडुनिंबाखाली. फक्त रेडिएटरचं काम. भाजी घ्यायला म्हणून सत्यभामाही सोबत निघाली होती, ती पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. नरेशनं रेडिएटर उतरवला, वरची टाकी उघडली आणि आत टॉर्च मारला. नळ्यांची तोंडं गंजानं आणि गाळानं बुजून गेली होती.

“आधे से ज्यादा नलियां तो बंद हैं, चाचा,” तो म्हणाला. “इतने साल चली कैसे ये गाड़ी?”

“पानी पीत पीत चालली,” शेषराव म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

मग सुरू झाली निवड. एखाद्या मुलीसाठी स्थळं बघावीत तसे बापलेक एकेक रेडिएटर उलटापालटा करून बघू लागले. राजदीपला हवा होता ॲल्युमिनियमचा. “बाबा, वजनाले हलका रायते, फटाफट थंडा करता है. सगळे ऑफ-रोडवाले हेच टाकून राहिले.”

“ॲल्युमिनियमचं भगुनं रायते, भात शिजवाले,” शेषराव म्हणाले. “गाडीले तांबा-पितळच पाह्यजे. मी सारी जिंदगी भट्टीच्या पान्यावर काढली. भट्टीच्या तोंडापाशी पानी तांब्यातूनच फिरते. कावून फिरते?”

“कावून?” राजदीपनं विचारलं. हे उत्तर त्याला लहानपणापासून पाठ होतं, पण न विचारता सुटका नव्हती.

“कारन भट्टी मजाक करत नाई.”

तिसरा होता प्लास्टिकच्या टाकीचा, चकचकीत, खोक्यातला. तो नरेशनं स्वतःच बाजूला सारला. म्हणाला, हा सडकेवर चालणाऱ्या सभ्य माणसांसाठी आहे. तुमच्या पोराच्या हातात दिला तर एका झटक्यात तडकेल. राजदीपला ही स्तुतीच वाटली. शेषराव आता कुठल्या जाळीच्या पट्ट्या दाट आहेत आणि कुठल्या विरळ, हे बोटांनी चाचपून बघत होते. दाट पट्ट्या जास्त थंड करतात खऱ्या, पण चिखल आणि गवताचं बी त्यांत अडकून बसतं आणि हवाच बंद होते. बापलेकांचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत झालं.

तेवढ्यात स्टुलावरून आवाज आला, “जुन्यालेच टाका मारून द्या ना भैया.”

तिघांनीही वळून बघितलं.

“याले?” शेषराव म्हणाले. “अवं, हा त मेला. दरसाल नागपूरच्या रस्त्यानं तुले उनात उतरा लागते, बादल्या मांगा लागते, आन् तू म्हंते जुनाच लावा?”

“मले उनाचं काई नाई,” सत्यभामा म्हणाली, आणि पिशवीतल्या वांग्यांकडे बघत बसली.

तिला जे वाटत होतं ते तिथं सांगता येण्यासारखं नव्हतं. गोष्ट अशी होती की दरवर्षी दसऱ्याला मेश्राम मंडळी याच जीपनं नागपूरला दीक्षाभूमीवर जात. पांढरे कपडे, पुऱ्यांचा डबा, आणि सीटखाली पाण्याचा कॅन, जो कधीच पुरला नाही. देवरी मागे पडली की जीपला धाप लागायची, आणि साकोलीच्या अलीकडे एका ठरल्या वळणावर तिच्या नाकातोंडातून वाफ निघायची. पहिल्या वर्षी अशीच ती उभी राहिली. शेषराव झाकणाला हात घालणार, तोच रस्त्याकडेच्या घरातून एक बाई बादली घेऊन ओरडत आली, “अवो, झाकन नका खोलू, भाजानं ना!” सत्यभामेनं चेहऱ्याआधी आवाज ओळखला. ती कमला होती.

दोघी लाखनीकडच्या एकाच गावच्या, एकाच वस्तीतल्या. तेंदूपत्ता तोडायला एकत्र जायच्या, एकीचा मार दुसरीनं वाटून घ्यायचा, लग्नंही एकाच उन्हाळ्यात झाली. पुढे सत्यभामा भिलाईला क्वार्टरमध्ये गेली, आणि कमलेचा नवरा अकाली गेला. सासरच्यांनी तिला वाऱ्यावर सोडलं, आणि ती कुठं गेली हे कोणालाच कळलं नव्हतं. ती इथं होती. चार शेळ्या, एक हापसा, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या तहानलेल्या गाड्या. दसऱ्याच्या दिवशी ती स्वतः नागपूरला जायची नाही. जाणाऱ्यांसाठी दारात माठ भरून ठेवायची. माही दीक्षाभूमी इथंच, म्हणायची.

त्या दिवशी सत्यभामा घराकडे निघाली तर कमला दारात आडवी उभी राहिली. “आत पसारा हाये वं. इथंच बस.” तिच्या खांद्यावरून सत्यभामेला आतलं दिसलं. पसारा व्हायला घरात काही असावं तरी लागतं. पुढच्या वर्षी सत्यभामेनं एक चांगली साडी आणली. कमलेनं ती घेतली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी धुवून, घडी घालून परत दिली. “माह्या अंगाले येत नाई,” म्हणाली. आता साडी कधी कोणाच्या अंगाला येत नाही का? सत्यभामा काय समजायचं ते समजली. कमला घेणारी नव्हती, देणारी होती. आणि तिच्याजवळ द्यायला होतं ते पाणी. हाप्श्याचं, गोड, मे महिन्यातही न आटणारं.

तेव्हापासून सगळं बिनबोभाट ठरून गेलं. जीप तापायची, कमला बादल्या आणायची, आणि इंजिन निवेपर्यंत दोघी अंगणात विटांवर बसून बोलायच्या. काम म्हणून थांबलं तर कमलेला कमीपणा नव्हता. मुद्दाम भेटायला गेलं असतं तर तिनं शेजारून साखर उसनी आणली असती आणि वर्षभर मनाला लावून घेतलं असतं, असं सत्यभामेला पक्कं वाटत होतं. फोन होता, पण फोनवर कमला नुसतं “हो” आणि “बरं” म्हणायची, जणू पलीकडे तहसीलदार आहे. आणि शेषरावांना सांगावं, तर त्यांचा शिफ्टमधला नियम सगळ्यांना माहीत होता: कामाबिना गाडी थांबवाची नाई. वर्षातून एकदा भेटणारी आपली मैत्रीण त्या बुजलेल्या नळ्यांवर टिकून आहे, हे सत्यभामा कोणाला आणि कुठल्या तोंडानं सांगणार?

रात्री जेवताना तांबा आणि ॲल्युमिनियमचं पुन्हा जुंपलं. भाकरीवरचा ठेचा वाळून गेला तरी बापलेक थांबेनात. सत्यभामेनं दोघांच्या ताटात भाजी वाढली आणि मनाशी ठरवलं, की आता आपणच काहीतरी करायला हवं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, बापलेक घरात नाहीत असं बघून, ती ऑटोनं एकटीच नेहरू नगरला गेली. नरेश एका ट्रकच्या रेडिएटरला टाका मारत होता. तिला बघून त्यानं गॅस बंद केला आणि चहा सांगितला. सत्यभामेनं अर्धा चहा पिऊन कप खाली ठेवला, पदर सारखा केला, आणि भिलाईत आल्यापासून शिकलेल्या सगळ्या हिंदीच्या जोरावर विचारलं, “भैया, थोडा गळनेवाला मिलेगा क्या?”

“क्या, चाची?”

“रेडिएटर. थोडासा गळनेवाला. ज्यादा नहीं. देवरी तक चले, और उसके बाद थोड़ा थोड़ा गळे.”

नरेशनं आयुष्यात नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं बघितली होती. फुकट मागणारी, जुनं देऊन नवं मागणारी, काम झाल्यावर ओळख विसरणारी. पण गळका रेडिएटर मागायला कोणी आलं नव्हतं. त्यानं आधी इकडेतिकडे बघितलं, मग हसू दाबलं, आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून ते गिळलं.

“क्यों, चाची? रुकना है क्या उधर?”

“एक जगह पानी के लिए रुकते हैं,” सत्यभामा म्हणाली. “वो रुकना चाहिए. उधर मेरी एक सहेली है.” एवढं बोलली आणि डोळे भरून आले. तिला स्वतःचाच राग आला. रेडिएटरच्या दुकानात रडणारी बाई म्हणजे अगदी हद्दच झाली.

नरेशनं मान खाली घातली. म्हणाला, चाची, माझ्या हातून गळका माल जाणार नाही. चाचा भट्टीवाले आहेत, टाक्याकडे बघूनच ओळखतील. आणि जंगलात पोरगा अडकला तर? हे मात्र खरं होतं. सत्यभामेनं नाक पुसलं, “ठीक है, चाचा को मत बोलना,” असं बजावलं आणि परतीच्या वाटेवर विनाकारण दोन किलो कांदे घेतले.

शेवटी तांबं जिंकलं. नरेशनंच निकाल दिला: ॲल्युमिनियम रानात फुटलं तर तसा वेल्डर कुठं शोधणार? तांब्या-पितळेला कुठल्याही गावात टाका लागतो. जुन्या टाक्या साफ करून त्यांत नवी, जाड, विरळ पट्ट्यांची जाळी बसवली. राजदीपची हार अगदीच होऊ नये म्हणून त्याच्या सांगण्यावरून खाली रबराच्या गाद्या दिल्या, म्हणजे दगडांत चेसिस पिळली तरी टाके उकलू नयेत, आणि पंख्याभोवती पत्र्याचा घेर लावला, म्हणजे चिखलात गोगलगायीच्या चालीनं जातानाही हवा जाळीतूनच ओढली जावी. इंजिन किती तापलं ते दाखवणारा काटासुद्धा नवा. मग बापलेकांनी जीप मरोद्याला नेली आणि ज्या चिखलात ती मेली होती त्याच चिखलात तासभर घुसळली. एक थेंब गळला नाही. काटा मधोमध, शाळेतल्या हुशार पोरासारखा ताठ.

शेषराव घरी आले ते वरातीतून आल्यासारखे. “सत्यभामा!” त्यांनी दारातूनच हाक मारली. “या वर्षी तुले कुठंच उनात उतरा लागनार नाई. भिलाई ते नागपूर, सीधा! तुह्यासाठीच केलं हे, समजलं का?”

नवऱ्याचा चेहरा नुसता उजळला होता, कानाला चिखल लागलेला होता. प्रेमानं दिलेल्या वस्तूला नको कसं म्हणायचं? सत्यभामेनं शिरा केला. त्यात साखर कमी पडली, आणि या घरात ते पहिल्यांदाच घडलं. शेषरावांनी तिच्याकडे एकदा नीट बघितलं. त्यानंतर रेडिएटरचं उरलेलं काहीतरी काम आहे म्हणून ते एकदा नरेशकडे जाऊन आले, आणि आल्यावर उगाचच जीपभोवती फिरत राहिले. नवं खेळणं हातात आलं की पुरुषांचं असंच होतं, असं सत्यभामेला वाटलं.

दसऱ्याला पहाटेच निघाले. राजदीप चालवत होता, शेषराव शेजारी, सत्यभामा मागे. राजनांदगाव गेलं, देवरी गेली, रस्त्यात निळे झेंडे लावलेल्या गाड्या, ट्रक, बस, सगळे नागपूरच्या दिशेनं. माणसं एकमेकांना हात करून “जय भीम” म्हणत होती. जीप नव्या नवरीच्या चालीनं चालली होती. राजदीप दर थोड्या वेळानं काट्याकडे बघून “क्या बात है” म्हणायचा, आणि दर वेळी सत्यभामा मागून वाकून तो काटा थोडा तरी वर सरकलाय का ते बघायची.

साकोली जवळ आली. पुढं रस्ता दोन झाला होता: मोठा पुलावरून सरळ, आणि लहान खालून, घरांच्या बाजूनं. कमला खालच्या रस्त्यावर. सत्यभामेनं ताडपत्री सरकवून मान बाहेर काढली. निदान वरून दिसली तर हात तरी करता येईल, असं तिच्या मनात होतं.

“खाली घे,” शेषराव म्हणाले.

“बाबा, वरचा रोड चांगला मोकळा हाये.”

“खाली घे म्हनलं ना. गाडी गरम झाली.”

“काटा मधात हाये, बाबा!”

“काटा बिघडला असन.”

“बाबा, नवीन हाये तो!”

“नवीनच बिघडते. तुले भट्टीचं समजते का मले?”

राजदीपनं आरशातून आईकडे बघितलं आणि गाडी खाली घेतली. ठरल्या वळणावर, कमलेच्या घरासमोर, जीप थांबली. शेषराव उतरले, पुढं गेले, बॉनेट उघडून त्यात डोकं घातलं. सत्यभामा त्यांच्यामागे जाऊन उभी राहिली. आत सगळं कोरडं ठणठणीत होतं.

“नरेशपाशी गळका रेडिएटर मांगाले गेली होती म्हने तू,” शेषराव इंजिनाला उद्देशून म्हणाले.

सत्यभामेचा चेहरा लाल झाला. “त्याले नको सांगू म्हनलं होतं.”

“मीच त्याले खोदून इचारलं. शिरा फिक्का होता तुहा.” ते थांबले. “मले सांगाचं ना वं.”

“सांगितलं असतं त तुमी म्हनले असते, कामाबिना कायले थांबाचं.”

हे खरं होतं. शेषराव तसंच म्हणाले असते. त्यांनी नव्या कोऱ्या नळीवरची नसलेली धूळ बोटानं पुसली.

“जय भीम, भाऊजी!” कमला दोन्ही हातांत बादल्या घेऊन येत होती. पांढरी साडी, केस जास्त पिकलेले, कंबरेत थोडी वाकलेली. बादल्यांवर तिनं ओलं फडकं टाकून ठेवलं होतं. सकाळपासून भरून ठेवल्या असणार. तिनं त्या खाली ठेवल्या आणि बॉनेटकडे बघितलं. मग कान दिला. त्या वळणावर तिनं इतक्या तापलेल्या गाड्या बघितल्या होत्या की तिला वाफेचा वाससुद्धा लांबून यायचा.

“वाफ नाई, शिट्टी नाई,” ती म्हणाली. “भाऊजी, गाडी त चांगली दिसून राहिली.”

“आतून गरम हाये,” शेषराव म्हणाले.

“आतून?”

राजदीप शेळ्यांकडे बघू लागला. शेषरावांना खोटं बोलायची सवय नव्हती, आणि ते त्यांच्या कानांवर दिसत होतं. सत्यभामेनं नुसती मान डोलावली असती तरी हेही वर्ष निभावून गेलं असतं. आजवरची सगळी वर्षं तशीच निभावली होती. पण नवऱ्याचे ते लाल झालेले कान बघून तिला राहवेना.

“गाडी चांगली हाये, कमला,” ती म्हणाली. “रेडिएटर नवा हाये. एक थेंब गळत नाई. मी तुले भेटाले आली.”

कमलेनं भरलेल्या बादल्यांकडे बघितलं. “पान्यासाठी नाई?”

“नाई.”

“नुसती भेटाले?”

“दरसाल तुलेच भेटाले येत होती वं. गळत होता म्हनून निभत होतं.”

कमलेनं पदर तोंडाला लावला. रडते आहे की हसते आहे हे आधी कळेना, मग दोन्ही आहे हे कळलं. “अवं बाई,” ती म्हणाली, “दरसाल मी मनात म्हनो, एक ना एक दिवस यांची गाडी सुधरन, आन् मंग सत्यभामा काई येत नाई. मी त त्या जुन्या डब्ब्याले दुवा देत होती, असाच गळत राह्य म्हनून!”

“मंग कवा आत नाई बोलावलं मले?”

“कशी बोलावू? पान्यासाठी थांबलेलं मानूस घाईत रायते. त्याले बस कसं म्हनाव, चहा घे कसं म्हनाव? भाऊजी इकडं इंजिनाले हात लावून पाह्यत, झालं का थंड, झालं का थंड. मले वाटे, तुमची वेळ खोटी होते.”

शेषरावांनी मान खाली घातली. कमलेनं सत्यभामेचा हात धरला, तोच हात जो तेंदूच्या रानात काटा काढायला धरायची. “चाल, आत चाल. पसारा हाये, पन चाल. साखर हाये घरात.”

दोघी निघाल्या. दारात आज कोणी आडवं उभं नव्हतं. आतल्या भिंतीवर बाबासाहेबांच्या फोटोला ताजा झेंडूचा हार दिसत होता, आणि खाली एकच चटई अंथरलेली होती. राजदीपही मागोमाग निघाला. बाहेर एकटे शेषराव उरले, उघडं बॉनेट आणि भरलेल्या दोन बादल्या घेऊन.

“कमलाबाई,” त्यांनी हाक मारली, “आन् या पान्याचं काय करू मी?”

कमला उंबऱ्यातून वळली. “पाय धुवा भाऊजी, आन् आत या. पाहुने हाये ना तुमी.”

शेषरावांनी बॉनेट लावलं, बादली जवळ ओढली आणि चपला काढल्या.